फ्लॉपीचं हळदकुंकू

“मावशी, फ्लॉपी ड्रॉवरमध्ये नाहीये! लाइट जाऊन आली, मेमरी पूरी साफ झाली. आता फ्लॉपीचाच भरोसा!” रुचिर ओरडला.

अंबिकाबाईंनी ती आपल्या पर्समधून काढली, तेव्हा सगळे त्यांच्याकडे बघतच राहिले.

फ्रीगंजमधल्या त्या खासगी इस्पितळात रक्तदात्यांची यादी त्यांनी बावीस वर्षं कार्डांवर सांभाळली होती. गेल्या वर्षी, पंचाण्णव साली, कॉम्प्युटरसाठी नव्याने आलेल्या रुचिरने ती मेमरीत घातली. रक्तपेढी, कॅज्युअल्टी, ऑपरेशन थिएटर, तिन्हीकडे एकच यादी एकदम दिसे आणि संध्याकाळी तिची नक्कल फ्लॉपीवर उतरे. कार्डं रद्दीत गेली. अंबिकाबाईंना मात्र पहिल्या दिवसापासून संशय. विजेबरोबर उडून जाते ती यादी कसली? आणि तिघांचे हात लागलेली वस्तू कधी धड राहिली आहे? रुचिरवर तर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. म्हणून त्या रोज गुपचूप फ्लॉपी घरी नेऊन देवघरात ठेवत.

“घरी नेत होतात? कोणाला दाखवायला?” रुचिरने विचारलं.

“देवाला,” अंबिकाबाई ताडकन म्हणाल्या.

“वो सब बाद में,” डॉक्टर सुहास म्हणाले. “बाळंतिणीचं रक्त थांबत नाहीये. ओ निगेटिव पाहिजे, लगेच.”

रुचिरने फ्लॉपी कॉम्प्युटरमध्ये घातली, पण मशीन नुसतंच घरघरत राहिलं. त्याने फ्लॉपी काढून तिची पत्र्याची झडप सरकवली. आत लाल-पिवळं ओलसर काहीतरी चिकटलं होतं.

काल दसरा होता. विळी आणि शिवणयंत्राची पूजा करताना हीच तेवढी का राहावी, म्हणून अंबिकाबाईंनी तिलाही हळदकुंकू वाहून वर पाणी शिंपडलं होतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षभर ज्याच्यावर संशय घेतला तो निर्दोष निघाला, आणि यादी बुडाली ती त्यांच्याच हातून. बावीस वर्षं सांभाळलेली रक्तपेढीच्या या खोलीची किल्ली आता आपल्याकडे राहत नाही, हे त्यांना कळून चुकलं.

“एकही दाता आठवत नाही?” डॉक्टरांनी विचारलं.

“नावं आठवतात, साहेब. फोन नंबर नाही आठवत. पण एक ओ निगेटिव इथेच आहे.” त्यांनी बाही वर सारली.

“तुम्ही? वय किती तुमचं?”

“छप्पन्न. यादीत होतं सगळं.”

सुई टोचली तेव्हा त्यांनी रुचिरला हाक मारली. “एक कोरं कार्ड घे. माझं नाव लिही, नंबर लिही. शाईने लिही हो.”

रुचिर लिहू लागला. पिशवीत थेंब थेंब रक्त उतरत होतं. अंबिकाबाईंनी तिकडे पाहिलंही नाही. कार्डावर नंबर बरोबर पडतोय ना, हे मात्र त्यांनी मान वळवून दोनदा बघितलं.