मलप्पाचा आवाज

शिवशंकरच्या निरोपाच्या मॅचला अख्खं नांदेड लोटलं असं म्हटलं तर ती थाप होईल. पण दीडेक हजार माणूस नक्की होतं, आणि आपल्याकडं फुटबॉलला एवढं माणूस म्हणजे जत्राच म्हणायची. ज्या गावात उठता-बसता क्रिकेट, तिथं बेचाळीस वर्षांच्या एका बॅकला बघायला लोक ऑटोच्या टपावर चढून बसले होते! बावीस वर्षं शिवशंकर गोदातीर क्लबकडून खेळला. कोल्हापूरवाल्यांनी दोनदा बोलावलं, गेला नाही. आता गुडघे बोलायला लागले, लातूरच्या एका शाळेत खेळ शिकवायची नोकरी मिळाली, म्हणून निघाला. ज्या लातूरशी आपलं हाडवैर, त्याच लातूरला! तरी कुणी नाक मुरडलं नाही. भलेभले गडी उपरण्यानं डोळे पुसत होते.

किशनराव सर मात्र गोलच्या जाळीमागं, आपल्या ठरलेल्या जागी, तोंड मिटून उभे होते.

हे सर म्हणजे चित्रकलेचे रिटायर मास्तर. चित्रं बेताचीच काढायचे, पण नकला! हेडमास्तर म्हणू नका, मंत्री म्हणू नका, कुणाचाही आवाज काढायचे. त्यातली सगळ्यात गाजलेली नक्कल गोलकीपर मलप्पाची. मलप्पा देगलूरकडचा, घरात कानडी. उंच बॉल आला आणि तो आपणच धरणार असलो, की पुढच्या बॅकला तो ओरडायचा, "बिडु!" म्हणजे सोड, मी घेतो. समोरच्यांना कळू नये म्हणून ही कानडी युक्ती. ते ऐकलं की शिवशंकर मागं न बघता मान खाली घालायचा आणि मलप्पा त्याच्या डोक्यावरून बॉल उचलायचा. असा विश्वास सख्ख्या भावांत बघायला मिळत नाही. इकडं चहाच्या टपरीवर लोक म्हणायचे, "सर, मलप्पा होऊ द्या!" सर घशातून तो घोगरा 'बिडु' काढायचे, की हसून हसून लोकांच्या बशीतला चहा सांडायचा.

अकरा वर्षांपूर्वी लातूरच्या ग्राउंडवर फायनल होती. शून्य-शून्य, शेवटची तीन मिनिटं. सर असेच जाळीमागं. उंच बॉल आला. सरांना वाटलं, मलप्पा पुढं निघालाय आणि ओरडायचं विसरलाय. आता ह्यांना मध्ये पडायला कुणी सांगितलं होतं? पण जीव लावलेलं माणूस शहाणं थोडंच राहतं. तोंडातून निघून गेलं, "बिडु!" शिवशंकरनं मान खाली घातली. मलप्पा तर जागचा हललाच नव्हता. दोघांच्या मधोमध टप्पा पडला, लातूरवाल्यानं नुसता पाय लावला. झालं! गोदातीरच्या नशिबी आलेली एकुलती एक फायनल अशी गेली.

मलप्पा छाती पिटून सांगत होता, "आईची आन, मी ओरडलो न्हाई." शिवशंकर म्हणाला, "ह्या कानांनी ऐकलंय मी. खोटारडा हायस तू." लोकांना काय, तेवढंच पाहिजे असतं. मलप्पा विकला गेला, अशी बोंब परतीच्या बसमध्येच उठली. त्याच बसमध्ये सर मागच्या सीटवर बसले होते. क्लबवर एवढा जीव टाकणाऱ्या माणसावर कुणाचा संशय गेला नाही, आणि त्यांनीही जीभ उचलली नाही. मलप्पा देगलूरला गेला तो गेलाच. बियाण्याच्या दुकानात नोकरीला लागला, परत बॉलला पाय लावला नाही. शिवशंकर त्याचं नाव काढू देत नव्हता. तीन वर्षांपूर्वी मलप्पा वारला, तेव्हा मातीलासुद्धा गेला नाही.

सर रोज म्हणायचे, उद्या सांगू. त्या उद्याची अकरा वर्षं झाली.

नक्कल त्या दिवसापासून बंद पडली. कुणी कितीही गळ घातली तरी तो आवाज निघायचाच नाही. आणि मलप्पा गेल्यावर भलतंच सुरू झालं. देवापुढं बसलं की पाठीमागून, आंघोळीचं पाणी विसणताना कानाशी, भर बाजारात गर्दीतून, तोच घोगरा आवाज, "बिडु." सर दचकून वळायचे, मागं कुणी नसायचं. बायको गोदावरीबाई म्हणाल्या, "अहो, कान तरी दाखवून या." कान दाखवले. डॉक्टर म्हणाले, ठणठणीत.

म्हणून आज ठरवून आले होते. शिवानं नांदेड सोडायच्या आत त्याच्या पायावर डोकं ठेवायचं. त्यानं थोबाडीत मारली तरी चालेल, पण हे घेऊन मरायचं नाही.

दुसऱ्या हाफमध्ये एक उंच बॉल आला आणि सरांच्या कानाशी आवाज झाला, "बिडु!"

तसा तो रोजच यायचा. पण समोर शिवशंकर थबकला होता. त्याची मान खाली गेली. मागून कीपरनं बॉल झेलला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, वा रे समज! शिवशंकर मात्र वळून जाळीकडं बघत राहिला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मॅच संपली. लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन दोन फेऱ्या मारल्या. कपडे बदलायच्या खोलीत तो एकटा सापडला तेव्हा गळ्यात हार तसेच होते. सरांनी कडी लावली आणि एका दमात सगळं ओकून टाकलं.

शिवशंकरनं गळ्यातले हार काढून बाकावर ठेवले. मग म्हणाला, "काढा तो आवाज."

"शिवा, अकरा वर्षं झाली. न्हाई निघत रे."

"काढा म्हणलं ना."

सरांनी डोळे मिटले, आणि आवाज आला. जसाच्या तसा, भिंतींवर आपटून. शिवशंकर बाकावर खाली बसला. त्याच्या तोंडून एवढंच निघालं, "मलप्पा."

मग हुंदके आवरत म्हणाला, "लई आन घेतली हो त्यानं. माझ्या घरापुढं तीन दिवस येऊन बसला. मी दार उघडलं न्हाई." त्यानं नाक पुसलं. "पण सर, आज कशाला ओरडलात? जाता जाता मला भेवडवायला?"

"शिवा, पोराबाळांची शपथ. आज मी तोंड उघडलं न्हाई."

"मग कोण ओरडलं?"

बाहेर लोक शिवाच्या नावानं गर्जना करत होते, आणि ह्या दोघांना दाराकडं बघायची छाती होईना.

"तुमालाबी ऐकू आलं?" शिवशंकरनं हळूच विचारलं.

"तीन वर्षं ऐकून राहिलो, बाबा."

शिवशंकर उठला. म्हणाला, "सर, तुमाला माफ करायला मी कोण? आपण दोघंबी एकाच माणसाचे गुन्हेगार. त्याची बायको धुरपताबाई देगलूरलाच हाय. चला. जे मला सांगितलं ते तिच्यापुढं सांगायचं, आणि मी दार का उघडलं न्हाई ते मी सांगतो. लातूर उद्या बघू."

"आत्ता?" सर एक पाऊल मागं सरकले. शिवशंकरच्या शिव्या खायची तयारी करून आले होते हो ते. त्या विधवेपुढं उभं राहायची नव्हती.

"आत्ताच. आधीच अकरा वर्षं उशीर झालाय."

दार उघडलं तसे लोक तुटून पडले. क्लबनं फुलांनी सजवलेली गाडी उभी होती. शिवशंकरनं सरांचा दंड धरून त्यांना शेजारी बसवलं. हे बघून लोकांच्या उत्साहाला उधाण आलं. बावीस वर्षं जाळीमागं उभा राहिलेला माणूस, शेवटी त्याचं चीज झालं! "सर, नशीब काढलंत!" कुणीतरी ओरडलं. "भक्त असावा तर असा!" म्हणत एकानं खिडकीतून हात घालून आपल्या हातातला हार सरांच्या गळ्यात टाकला. फोन वर झाले, फोटो निघायला लागले. शिवशंकर दोन्ही हात जोडून सगळ्यांना नमस्कार करत होता.

"हसा, सर," तो ओठ न हलवता म्हणाला. "लोक बघून राहिलेत."

सर हसले.