तिसरं वर्ष

तानाजीच्या बदलीचा हुकूम आला, तेव्हा इंदिरेची वकिलीच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा नुकतीच आटोपली होती.

"जोधपूर," बुटांचे बंद सोडत तानाजी म्हणाला. "पुढच्या महिन्यात निघायचं."

झाशीच्या छावणीतल्या त्या क्वार्टरमध्ये मग तिला चैन पडेना. भाजी चिरता चिरता ती उठायची, खिडकीपाशी जायची, परत यायची. बेळगावला असताना बी.एड. असंच अर्ध्यावर सुटलं होतं. तिनं जोधपूरच्या कॉलेजात फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "पहले साल से शुरू करना पड़ेगा, मैडम."

"मग परीक्षेपुरती इकडे ये," तानाजी म्हणाला.

"हजेरी लागते. शेवटच्या वर्षी कोर्टात बसून खटले ऐकावे लागतात, टिपणं द्यावी लागतात. त्याशिवाय पदवी नाही, अन् पदवीशिवाय सनद नाही."

"आणि पुष्पाला ताप आला तर? तू एकटी काय करशील?"

दुसऱ्या दिवशी लेकीला शाळेत सोडून ती भाड्याची खोली शोधायला थेट शहरातल्या ओरछा गेटच्या वस्तीत गेली. तीन घरांनी नाही म्हटलं. चौथं घर कमलिनीबाईंचं, पिढ्यान्‌पिढ्या झाशीत राहिलेल्या मराठी घराण्यातल्या.

"नवरा फौजेत, अन् तू इथं अकेली? लोग बातें करेंगे, बेटा."

"करू देत, काकू. खोली देता का?"

बाईंनी तिला नीट न्याहाळलं आणि किल्ली आणायला आत गेल्या.

तिसऱ्या दिवशी तानाजीनं बाजारातून जाड कडी आणली, खोलीच्या दाराला स्वतः ठोकून बसवली, दोनदा ओढून पाहिली. "रोज फोन कर," एवढंच म्हणाला.

तो गेला, वर्ग सुरू झाले, आणि एके सकाळी इंदिरा पहिल्यांदा जिल्हा कोर्टात मागच्या बाकावर बसली. शेजारी मधुसूदनजी, तिला खटले दाखवणारे वकील. जमिनीचा दावा होता. साक्षीदार आधी म्हणाला, कुंपण बापानं घातलं. नंतर म्हणाला, मी स्वतः घातलं. उलटतपासणी करणारा वकील पुढच्या प्रश्नाकडे वळला. इंदिरा नकळत अर्धी उठली.

"बैठिए," मधुसूदनजी हळूच म्हणाले. "अभी सिर्फ सुनना है."

ती बसली. साक्षीदाराची दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहून काढली. बाकाखाली तिचा पाय मात्र हलतच राहिला.