मोटारीच्या टपावरचं माहेर

माझा जन्म माळव्यात झाला, पण आईच्या माहेरी झाला. यातला 'पण' मी कुणाला सोडू देत नाही. आईचं माहेर भोरकडचं, भोंगवलीच्या माळावरची आमची धनगरवाडी. तिथून माळवा किती लांब ते नकाशावर बोट ठेवून पाहा. लोक म्हणतात, यात काहीतरी घोळ आहे. घोळ काही नाही. माझी आजी सारजाबाई आहे.

आईचं नाव पारू. जेजुरीच्या जत्रेत सोयरीक जुळली आणि ती लग्न होऊन थेट महूच्या पुढं, इंदूरच्या वाटेवरच्या एका खेड्यात गेली. माझे वडील आनंदराव तिथं होळकरांच्या पागेत नोकरीला होते. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आदल्या साली आजी-आजोबा पौष पुनवेला जेजुरीला गेले, तेव्हा माळव्यातून आलेल्या एका माणसानं निरोप दिला. पारूला आठवा लागलाय, पण एवढ्या लांब पोटुशीला पाठवणार नाही, बाळंतपण इथंच होईल, असं सासूबाई चंद्राबाईंनी सांगितलंय. निघताना पारूनं त्याला तेवढंच म्हटलं होतं, "आयला म्हणावं, मला आता माहेर ऱ्हायलं न्हाई."

पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, ही आमची रीत. ते झालं नाही तर पोरीच्या मागं कुणी नाही असा अर्थ होतो, आणि सासरी तो अर्थ जन्मभर पुरतो. बरं, आजीनं तिकडं जाऊन राहावं तर लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नसतं. दोन्ही वाटा बंद. आजोबा, म्हणजे बिरू, गरीब माणूस. "त्यांचं बी खरंच हाय. लांब हाय," एवढं म्हणून ते तंबाखू मळायला लागले.

आजी म्हणाली, "पोर माहेरी येत न्हाई ना? मंग माहेर तिकडं न्यायचं."

"माहेर काय गाठोडं हाय व्हय?"

"आपलं हायच की. दिवाळीपासनं मिरगापातुर घोड्यावर घालून कोकणात नेतोच न्हवं? पारू तरी कुठं जल्मली? वरंध्याच्या घाटाखाली, पालातच की."

आजीचं खरं होतं. मेंढरांमागं निम्मं वर्ष आमचं घर म्हणजे चार काठ्या, वर घोंगड्या आणि आत तीन दगडांची चूल. तेच घर आजीनं बांधलं. काठ्या, घोंगड्या, तवा, खलबत्ता, डिंक, खारका, अळीव आणि बाळंतिणीला दूध हवं म्हणून एक दुभती शेळी. मेंढरं कोकणात आजोबांच्या भावाजवळ, नाथाजवळ होतीच. चालत जाऊ, असं आजोबांनी सुचवून पाहिलं. "चालत गेलो तर नातवाच्या लग्नाला पोचू," आजी म्हणाली. रेल्वेत शेळीला वेगळ्या डब्यात घालतात असं कुणीतरी सांगितलं, म्हणून रेल्वेही बाद झाली. राहिली सर्व्हिस मोटार.

कामथडीच्या फाट्यावर दोघं पहिल्यांदा मोटारीत चढली. काठ्या टपावर, शेळीही टपावर, पाय बांधून. मोटार हलली आणि आजोबांनी ओकायला डोकं बाहेर काढलं. लांडग्याच्या अंगावर काठी घेऊन धावणारा हा माणूस, पण पुणं येईपर्यंत पिळून काढलेल्या धडुत्यासारखा झाला. पुणं-नगर मोटारीत त्यांनी डोळे उघडले नाहीत. नगर-धुळे मोटारीत ते म्हणाले, "सारजे, मला हितंच उतरव. मी मागनं चालत येतो." आजीनं त्यांच्या तोंडात आवळकाठी कोंबली आणि पदरानं वारा घालत बसली. टपावरून शेळीचं ओरडणं आलं की तिला धीर यायचा. घर अजून वरच आहे.

धुळ्याला मात्र अडलं. पुढं घाट होता, मोटार भरली होती, आणि ड्रायव्हरनं साफ सांगितलं की माणसं घेईन, शेळीही एक वेळ घेईन, पण हे सरपण इथंच टाका. सरपण! आजी काठ्यांची मोळी मोटारीच्या पुढ्यात आडवी टाकून तिच्यावर बसली.

"माज्या घराचे खांब हायती ते. खांब टाकून घर कसं न्यायाचं, ते सांग. मी टाकते."

उतारू कुरकुरायला लागले, कुणी हसलं. आजोबांनी मान खाली घातली. तेवढ्यात अंबूबाई नावाची एक व्यापाऱ्याची बाई मोटारीतून खाली उतरली. सेंधव्याला चालली होती. कुठं निघालात, कशासाठी, हे तिनं आजीला विचारून घेतलं आणि ड्रायव्हरला म्हणाली, "माझा पेटारा उतरव आणि यांच्या काठ्या चढव. पेटारा उद्याच्या मोटारीनं येईल. मूल उद्यापर्यंत थांबत नसतं." त्या बाईला मी कधी पाहिलं नाही, पण दर दिवाळीला तिच्या नावानं एक पणती लावते.

बिजासनच्या घाटात मोटारीचं पाणी उकळलं आणि सगळ्यांना उतरून चालायची वेळ आली. इथं आजोबा जिवंत झाले. पायाखाली घाट म्हटल्यावर त्यांना काय कमी? शेळी सोडवून ते असे चढत गेले, की मोटार धापा टाकत वर पोचली तेव्हा ते माथ्यावर शेळीला पाला खाऊ घालत बसले होते. पुढं नर्मदा नावेनं ओलांडली, पलीकडं दुसरी मोटार धरली, आणि एका दुपारी माहेर सासरच्या दारात उतरलं.

चंद्राबाई पाय धुवायला पाणी घेऊन बाहेर आल्या. मागं दाराला धरून आई उभी होती. आजीनं तिला डोळे भरून पाहिलं, पण उंबरा ओलांडला नाही. तिनं विचारलं ते एवढंच, "गावाचं गायरान कुठं हाय?"

तिन्हीसांजेच्या आत गायरानात पाल उभं राहिलं, चूल पेटली. सगळं गाव बघायला लोटलं. चंद्राबाईंना हे भारीच लागलं. त्या तरातरा गायरानात आल्या. "विहीणबाई, घर असताना माझी सून तंबूत बाळंत व्हायची? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, माहेरी गेली," आजी भाकरी थापता थापता म्हणाली.

"याला माहेर म्हणतात होय?" असं म्हणून त्या परत फिरल्या, आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांनी आंघोळ केली, फेटा बांधला आणि आईचे मुराळी होऊन त्या दाराशी उभे राहिले. ते जन्मात कुणाला उलटून बोलले नव्हते. आजीनं काही पढवून पाठवलंय असंच चंद्राबाईंना वाटलं असणार. पण आजीची शपथ, तिनं काहीच पढवलं नव्हतं.

"पारूला न्याया आलोय," आजोबा म्हणाले. "लांब हाय म्हणून तुमी न्हाई म्हणालात. तुमचं खरं व्हतं. आता लांब न्हाई. पाठवा."

चंद्राबाईंनी दार सताड उघडलं. मग आत गेल्या, खण-नारळ आणून त्यांनी आईची ओटी भरली. बाई मानी होती, पण खोटी नव्हती. माझे वडील कोपऱ्यात तोंड फिरवून उभे होते. ते हसत होते असं आई म्हणते.

आई गायरानातून चालत आली. वाकून पालात शिरली, घोंगडीचा वास आला आणि ती आजीच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडली. रडून झाल्यावर म्हणाली, "आये, भूक लागलीया." आजी सांगायची, इतका आनंद तिला आयुष्यात दुसरा झाला नाही, माझा जन्मसुद्धा धरून.

महिन्याभरानं पहाटे मी झाले. आजीनंच नाळ कापली. उन्हं वर आली तशा चंद्राबाई गायरानात आल्या. आत त्यांचीच सून, त्यांचीच नात, गायरानही त्यांच्याच गावाचं. पण त्या पालाबाहेर थांबल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हळूच विचारलं, "विहीणबाई, येऊ का आत?"

आजीनं घोंगडीचा पडदा वर धरला.

"या, या. लई लांबनं आलात. आदी पाणी घ्या."