ऑपरेशनच्या वर्षीची पॅन्ट

"बाबा, हे तुम्हीच ना?"

लेकीने बोट दाखवले तसे त्याने मान वर न करताच हो म्हटले. दवाखान्याच्या भिंतीवर, पिण्याच्या पाण्याच्या नळाशेजारी, त्याचा फोटो लावलेला होता. फोटोत तो आपल्याच जुन्या पॅन्टच्या एका पायात स्वतःचे दोन्ही पाय घालून उभा होता आणि उरलेली पॅन्ट हाताने ताणून दात काढत होता. त्या फोटोखालच्याच बाकावर तो मघापासून बसला होता. समोरची माणसे फोटो बघत, मग त्याच्याकडे बघत आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोके घालत. एकानेही त्याला ओळखले नव्हते. त्याचे त्याला वाईटही वाटले नाही. हल्ली त्याला कशाचेच फारसे काही वाटत नसे.

पोट लहान करायच्या त्या ऑपरेशनला आठ वर्षे झाली होती. त्याआधी तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत कागदावर मेकॅनिक आणि प्रत्यक्षात गोदाम सांभाळणारा होता. लिफ्टखालच्या खड्ड्यात त्याला उतरता येत नसे, गच्चीवरच्या मशीनच्या खोलीची शिडी चढता येत नसे, मग साहेबांनी त्याला नटबोल्टांच्या राज्यावर बसवून टाकले. तो लिफ्टमध्ये शिरला की शेवटचा माणूस आपणहून बाहेर पडायचा. "तू आलास की टेस्टिंगची वजनं आणायला नकोत," असे त्याचा जोडीदार म्हणायचा आणि त्यावर सगळ्यांत मोठ्याने तोच हसायचा. मग घरी येऊन जेवायला बसायचा, तो उठायचाच नाही.

ऑपरेशननंतर वजन असे उतरले की शेजारपाजारच्यांना आधी दुखण्याची शंका आली आणि मग हेवा वाटला. तो पुन्हा खड्ड्यात उतरू लागला. चांगल्यातले राखाडी कापड घेऊन त्याने दोन पॅन्टी शिवून घेतल्या. लहान वाटीत जेवायचे, घास चावून चावून खायचा, जेवताना पाणी प्यायचे नाही, गोळ्या चुकवायच्या नाहीत, हे सगळे त्याने दोन वर्षे मन लावून केले. तोवर कौतुक करणारी माणसे होती. पुढे त्यांना त्याच्या बारीक असण्याची सवय झाली आणि वाटीकडे बघायला तो एकटा उरला.

जेवण तेवढेच राहिले, पण मधल्या वेळी हात डब्यात जाऊ लागला. बिस्किटे पोटात बसून राहत नाहीत, सरकून जातात. भूक लागलेली नसायची, चव कळत होती असेही नाही. एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाताना तोंड चालू असायचे, एवढेच. तपासणीची तारीख आली तेव्हा जरा वाढले होते. थोडे उतरवू आणि मग जाऊ, म्हणून त्याने ती पुढे ढकलली. पुढच्या वेळी आणखी जरा वाढले होते. मग त्याने घरी ठोकून दिले, "डॉक्टर म्हणाले, आता यायची गरज नाही." वजनकाटा माळ्यावर गेला. तरी राखाडी पॅन्टी अंगात येत होत्या. सकाळी हूक लागला की त्याला बरे वाटायचे. म्हणजे फार काही बिघडलेले नाही. दिवसभरात बरे वाटायचे ते तेवढेच.

लेक तेविशीची, अंगाने बापावर गेलेली. लहानपणी तो तिला लाडाने 'ठमे' म्हणायचा. ऑपरेशननंतर ते नाव त्याच्या तोंडून कधी गेले ते दोघांनाही कळले नाही. ती औषधांच्या दुकानात दिवसभर काउंटरमागे उभी असे. गुडघे बोलू लागले होते, साखर वाढली होती, आणि याच डॉक्टरांनी याच ऑपरेशनची तारीख दिली होती. आज शेवटचे बोलणे आणि संमतीची सही.

"बाबा, एक विचारू? टिकतं का हो हे?"

"टिकतं की. न टिकायला काय झालं?"

"तुमचं टिकलं?"

"बघतेयस ना समोर."

ती त्याच्याकडे बघतच राहिली, बोलण्यातले अजून काही यायचे बाकी असल्यासारखी. "तुमच्या बोलण्यावर सही करतेय मी," ती हळूच म्हणाली. "खरं काय ते नंतर मला कुणी सांगणार नाही."

तो उठला आणि तहान नसताना पाणी पिऊन आला.

आत बोलावले तेव्हा जुन्या सिस्टर भेटल्या. केस पांढरे झाले होते, आवाज तसाच खणखणीत होता. "अहो, फोटोवाले काका! किती वर्षांनी! आम्हाला वाटलं, विसरलात. चला, लेकीचं घेतेच आहे, तुमचंही वजन घेऊन टाकू."

"माझं कशाला उगाच?"

"चार वर्षांत फिरकला नाहीत, आणि वर कशाला म्हणता?"

"अहो सिस्टर, ही पॅन्ट बघा ना," तो म्हणाला आणि कमरेत अंगठे खोचून ताठ उभा राहिला. "ऑपरेशनच्या वर्षी शिवलेली. अजून येते. आणखी काय पाहिजे?"

सिस्टर हसल्या. लेक हसली नाही. ती त्याच्या मागे उभी होती.

"बाबा," ती म्हणाली, "ती आईने तीनदा मागून उसवून सैल केलीय."

"कोणती?"

"दोन्ही. आतलं सगळं कापड संपलं, म्हणून आता जोड लावलाय. तुम्ही कामावर गेलात की करते. तुम्हाला कळू नये म्हणून."

त्याने हात मागे नेला. पाठीच्या कण्याखाली, जिथे माणूस स्वतःला कधी बघत नाही, तिथे दोन बोटे रुंद पट्टी लागली. कापड कोरे होते, न झिजलेले. दोन्ही बाजूंना जुन्या टाक्यांची भोके नखाला लागत होती. रोज सकाळी तो आरशासमोर हूक लावायचा तेव्हा बायको मागे उभी राहून डबा भरत असायची. त्याला लाज वाटली. कानशिले तापण्याइतकी वाटली. किती तरी दिवसांनी त्याला असे काही वाटत होते.

"तू मघाशी विचारलंस ना, तेव्हा खोटं बोललो मी," तो म्हणाला.

"माहितीये."

"डॉक्टरांनी येऊ नका असं कधीच सांगितलं नव्हतं. थोडं वाढलं तेव्हाच यायला हवं होतं. मी लपून बसलो. आपोआप नाही टिकत गं, ठमे. आणि मला एकट्याला नाही जमलं."

ठमीने काट्याकडे पाहिले आणि त्याच्या वस्तू धरायला दोन्ही हात पुढे केले.

त्याने खिसे रिकामे केले. मोबाइल, पाकीट, किल्ल्यांचा जुडगा, टेस्टर, रुमाल, आणि मागच्या खिशातला बिस्किटांचा अर्धा पुडा. तो देताना त्याचा हात क्षणभर थांबला, पण तोही त्याने तिच्या हातात ठेवला. चपला काढल्या. घड्याळ काढले. जुन्या दिवसांत तो हे सगळे काढायचा, तितकाच भार कमी. शेवटी चष्माही काढला.

"चष्मापण?" तिने विचारले.

"चष्मापण."

"मग आकडा कसा दिसणार तुम्हाला?"

तो काट्यावर चढला. हात दोन्ही बाजूंना सोडले. समोर नुसते लाल, धूसर काहीतरी लुकलुकले आणि थांबले.

"तू वाच," तो म्हणाला.

त्याच्या चीजवस्तू छातीशी धरून ती वाकली, आणि तिने आकडा मोठ्याने वाचला.