वर चढलेला ओघळ

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. माझं कोणी दार केलं नाही, खुर्ची केली नाही, साधा पाटही केला नाही. तरीही मी मोडीत निघालेली नाही आणि निघणारही नाही. सुतारांच्या कारखान्याच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर मी आठ वर्षं ऊन, वारा आणि पाऊस खाते आहे. आमच्या भागातल्या निम्म्या दारांना कुठला रंग लागणार, हे माझ्याकडे बघून ठरतं. मी थोडा तोरा मिरवते खरी, पण तो मी कमावलेला आहे.

एका मोठ्या दाराच्या कामातून हातभर लांबीचा तुकडा उरला, तो म्हणजे मी. तेव्हा बाहेरच्या लाकडासाठी बाजारात चार नवे वुड स्टेन आले होते. साधा रंग लाकडावर बसतो, स्टेन लाकडात मुरतो. निदान मुरायला हवा. चारही डब्यांवर 'वर्षानुवर्षं टिकेल' असं ठळक छापलेलं होतं. सुतार म्हणाले, "छापायला काय जातंय? उन्हात टांगू, मग कळेल."

त्यांनी मला रंधा मारला, घासून गुळगुळीत केलं आणि माझ्यावर चार आडवे पट्टे रंगवले. चौघांचा रंग एकच, तपकिरी. म्हणून त्यांनी पट्ट्यांना झाकणांच्या रंगावरून नावं दिली आणि शेजारच्या खिडकीच्या चौकटीवर पेन्सिलने वरून खाली लिहिली: लाल, निळं, हिरवं, काळं.

स्टेन लावला की पाव तासाने फडक्याने पुसून घ्यायचा असतो. त्या दिवशी नेमकं गिऱ्हाईक आलं आणि सुतारांनी मला घाईघाईत तसंच टांगलं. हिरव्या झाकणाच्या पट्ट्यावरून एक ओघळ दोन बोटं खाली उतरला आणि टोकाशी मोहरीएवढी गाठ होऊन वाळला. सुतारांच्या बायकोच्या नजरेतून तो सुटला नाही. "लोकांची दारं आरशासारखी करता, आणि घरच्या फळीचं नाक वाहतंय," ती म्हणाली. सुतारांचं तोंड एवढंसं झालं. ओघळ घासून टाकू म्हणत त्यांनी तो कधीच घासला नाही. मलाही त्याची फार लाज वाटायची.

पहिली दोन वर्षं चारही पट्टे सारख्याच ऐटीत होते. सुतार महिन्यातून एकदा माझ्यावर पाण्याचे चार थेंब टाकायचे. थेंब मण्यासारखा उभा राहिला की म्हणायचे, "आहे, दम आहे." मग त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. जवळचंही धूसर झालं आणि करवत त्यांच्या लेकीच्या हातात गेली.

खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली. निळ्या झाकणाचा मुरलाच नव्हता. तो नुसता वर बसला होता. त्याचे पापुद्रे सुटले आणि आत पाणी शिरून मी तिथे काळी पडले. लाल आणि काळा फिके झाले. हिरवा मात्र थोडा उतरला, पण सोलला नाही. लोक मला बघून म्हणत, "हा काय खरूज झालेला तुकडा लावलाय?" मी मनावर घेत नव्हते. मी शोभेला नव्हते, साक्षीला होते.

सहाव्या वर्षी कारखान्याला चुना लावायचा म्हणून मला खाली काढलं. चुनेवाला काम संपवून मला परत लावायला आला. माझ्या दोन्ही टोकांना सारखीच भोकं. त्याने बिनधास्त मला उलटं टांगलं आणि शीळ घालत निघून गेला.

त्याच महिन्यात शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. शाळेच्या वाटेवर ओढ्यावर लाकडी पूल होता. त्याची फळी कुजून एका मुलीचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला होता. नवा पूल सुतारांच्या लेकीने करावा, असं ठरलं. ते तिचं स्वतःचं पहिलं मोठं काम होतं.

"रंग टिकेल ना गं? मुलं रोज जाणार आहेत त्यावरून," बाईंनी विचारलं.

"आमच्याकडे फळी आहे, बाई. मी अंदाजाने काही लावणार नाही," लेक म्हणाली.

तिने माझ्यावर पाणी टाकलं. वरून दुसऱ्या पट्ट्यावर थेंब उभा राहिला. तिने चौकटीवर वाचलं. दुसरं नाव निळं. ती बाजारात गेली आणि निळ्या झाकणाचे डबे घेऊन आली. माझा जीव कासावीस झाला. सगळ्यांत कुचकामी रंग पुलावर चढणार, आणि तोही माझ्या नावावर. मला ओरडता येत नव्हतं.

ती पहिल्या डब्याच्या झाकणाखाली स्क्रू ड्रायव्हर घालत होती, तेवढ्यात सुतार भिंतीला हात लावत बाहेर आले.

"कुठला ठरला?"

"वरून दुसरा, बाबा. निळा."

"बघू दे मला."

ते हातांनी बघायचे. त्यांचा अंगठा माझ्यावरून हळूहळू फिरला आणि त्या गाठीवर येऊन थांबला. ते तिथेच दोनदा चाचपडले. एकदम हसले, आणि मग गंभीर झाले.

"अगं, तुझी आई ज्यावरून मला बोलली होती ना, तो ओघळ इथे आहे. पण ही गाठ वरच्या बाजूला कशी? ओघळ वर चढतो का कधी?"

लेकीने डबा बाजूला सरकवला, मला काढलं, सुलटं केलं आणि पुन्हा वाचलं. थेंब उभा राहिलेला पट्टा आता तिसरा होता, आणि तिसरं नाव हिरवं. "बाबा, आज मी मुलांच्या पायाखाली..." सुतार म्हणाले, "झालं नाही ना? मग जा, डबे बदलून आण." मी आयुष्यात पहिल्यांदा त्या ओघळाची लाज सोडली.

आता पुलाला दोन वर्षं होत आली. गेल्या पावसाळ्याआधी लेक तांब्याभर पाणी घेऊन पुलावर गेली. फळ्यांवर थेंब उभे राहिले, पण मुलं हात घासत जातात त्या कठड्यावर पाणी लगेच शोषलं गेलं. तिने कठडा पुसला, वाळवला आणि त्यावर रंगाचा नवा हात दिला. मित्रांनो, उत्तमातला उत्तम रंगही लावून विसरायचा नसतो. तुमच्या दाराला, बाकाला, झोपाळ्याला वर्षातून एकदा चार थेंब पाणी टाकून विचारा. लाकूड खोटं बोलत नाही.

माझ्या एका टोकाला आता लेकीने पटाशीने ठसठशीत 'वर' असं कोरलं आहे. गाठ घासून टाकू का, असं तिने वडिलांना विचारलं होतं. त्यांनी माझ्यावर तळहात ठेवला आणि म्हणाले, "तिला हात लावू नकोस. मला आता तेवढंच वाचता येतं."