गट मोडल्यानंतरची फायनल

"काकू, तुम्ही तरी सांगा ना काकांना." प्रतीक दारातच उभा होता. "यंदाची फायनल जुन्या नियमानं होऊ दे. आमची टीम बाजूला होईल. मी सगळ्यांशी बोललोय."

आमचे हे, म्हणजे शामकांत, सोफ्यावर बसून पॅडचे पट्टे पुसत होते. सगळं ऐकत होते.

इथे परदेशात मराठी मंडळींच्या क्रिकेट लीगमध्ये गेल्या वर्षीपर्यंत दोन गट होते. एकात वुडलँड्स, क्वीन्सटाउन अशा आयटीतल्या पोरांच्या टीम, दर शनिवारी सराव करणाऱ्या. दुसऱ्यात आमची जुरोंग आणि बोटीवरच्या लोकांच्या टीम. कोणाची शिफ्ट, कोणाचं जहाज निघालेलं. अकरा जण जमले तरी मिळवली. पण दोन्ही गटांतला पहिला फायनलला जायचा. त्यामुळे जुरोंग बऱ्याचदा फायनल गाठायची आणि तिथे सपाटून मार खायची.

गेल्या वर्षी बक्षीस समारंभात कोणीतरी म्हणालं, "जुरोंगला फायनल आंदण मिळालीय." सगळे हसले. हेही हसले. पण परतताना एमआरटीच्या गाडीत 'आंदण' हा शब्द दोनदा पुटपुटले. पुढच्या मीटिंगला यांनी स्वतःच ठराव मांडला, गट बंद करा, सगळ्यांनी सगळ्यांशी खेळा, पहिले दोन फायनलला. टाळ्या पडल्या. मला तर संताप आला. कोणी सांगितला होता हा उपद्व्याप?

आणि यंदा नेमकी जुरोंग कधी नव्हे ती झकास खेळली. बोटीवरच्यांना तर धूळच चारली. पण वुडलँड्स पहिली, प्रतीकची क्वीन्सटाउन दुसरी, आम्ही तिसरे. जुने गट असते तर फायनल आमची होती. त्यात कंपनीनं यांचा कामाचा पास वाढवला नाही. पुढच्या महिन्यात आम्ही कायमचे पुण्याला. उमेदीची सगळी वर्षं जुरोंग आयलंडच्या कंपनी बसमध्ये गेली या माणसाची. जाण्याआधी एकदा तो कप उचलायचा, एवढीच हौस होती.

"हो म्हणा ना," मी म्हटलं. "पोरगा आपणहून देतोय."

"देतोय म्हणूनच नको. परत आंदणच की ते, विद्या."

"पण काका, तुमचं शेवटचं वर्ष," प्रतीक म्हणाला.

"म्हणून काय नियम माझ्यासाठी वाकवायचा? मीच आणलाय ना तो?" हे पट्टा पुसतच राहिले. मग म्हणाले, "अंपायर मिळाला का तुम्हाला?"

"एक कमी पडतोय."

"मी येतो."

त्या दिवशी मी यांच्याशी धड बोलले नाही.

फायनलला मी गेले मात्र, डबा घेऊन. हे पांढरा शर्ट, पांढरी हॅट घालून उभे. शेवटची ओव्हर प्रतीकची. बॉलिंग टाकणाऱ्यानं आपली टोपी अंपायरकडे द्यायची, तशी त्यानं दिली, आणि यांनी ती हॅटवरच चढवली. शेवटच्या बॉलला वुडलँड्सच्या बॅट्समनची दांडी उडाली. क्वीन्सटाउन जिंकली. पोरं ओरडत कपाच्या टेबलाकडे धावली, प्रतीकही. टोपी कोणाला आठवणार?

हाक मारावीशी वाटली, पण मारली नाही. मैदानाच्या मधोमध हे एकटेच वाकून स्टंपवरून खाली पडलेल्या बेल्स शोधत होते. एक सापडली, ती पुसून खिशात ठेवली. मग दुसरी शोधू लागले. डोक्यावर प्रतीकची निळी टोपी तशीच होती.