तारेनं बांधलेलं बटण

मी गीझरचा एक जुना व्हॉल्व्ह आहे, मित्रांनो. सध्या गुजराँवाल्यातल्या एका भंगारवाल्याच्या पोत्यात, वाकड्या नळांच्या सोबतीनं पडून आहे.

माझा जन्म याच शहरातला. पितळ ओतलं, आटे पाडले, पोटात एक लहानसं चुंबक बसवलं. काम सोपं होतं. गीझरखाली एक छोटी ज्योत तेवत असते. तिच्या धगीत तांब्याची कांडी तापते आणि त्या उबेच्या जोरावर माझं चुंबक गॅसची वाट उघडी धरतं. ज्योत विझली, की कांडी गार होते, चुंबक हात सोडतं आणि मी वाट बंद करतो. 'टक्' असा आवाज होतो. त्या एवढ्याशा आवाजावर घरच्यांचा जीव टांगलेला असतो.

मला बसवलं ते बेजींच्या घरी, न्हाणीघरामागच्या बिनखिडकीच्या कोठडीत. बेजी, त्यांचा मुलगा इम्तियाज आणि सून तहमीना, एवढंच घर. बेजी नमाजाआधी माझ्या पाण्यानं वजू करत. त्यांचे धुतलेले हात दुवेसाठी उठत, तेव्हा मला धन्य वाटे. शेजारच्या मशिदीतले मौलवी वाज, म्हणजे प्रवचन, गाऊन सांगत. दयेचा प्रसंग आला, की त्यांचा सूर असा चढे, की माझं पितळसुद्धा शहारे. बेजी ओढणीनं डोळे टिपत घरी येत आणि उंबरा ओलांडताच म्हणत, "कुठं मेली ती राणीसरकार? चहा काय तिचा बाप ठेवणार?" पाण्यानं हात धुतले जातात, मित्रांनो. आतलं कोण धुणार?

हिवाळ्यात आमच्याकडे रात्री गॅस जातो आणि पहाटे येतो. ज्योत विझते, सकाळी कुणीतरी ती पुन्हा लावतं. पण यंदा गॅस असतानाही, भरदिवसा माझं टक् होऊ लागलं. चुंबक दमलं होतं. दोष माझा, शिव्या तहमीनेला.

"हीच बंद करते. गार पाण्यानं मारायचंय मला."

"बेजी, मी हातसुद्धा लावला नाही."

"मग काय जिन-भुतानं फिरवलं?"

शुक्रवारी तहमीनेच्या धाकट्या बहिणीची मेहंदी होती. बेजींनी अट घातली, "तोवर दिवसाउजेडी किंवा माझ्या वजूच्या वेळी गीझर विझलेला दिसला, तर माहेर विसर. इथंच भांडी घास." तेव्हापासून ती येता-जाता माझ्यापुढं वाकून ज्योत बघे. "थोडा धीर धर रे बाबा," असं हळूच म्हणे. मी धरत होतो. पण पोटातलं बळच सरलं होतं.

शेवटी गीझर दुरुस्त करणारे उस्ताद यूनुस आले. त्यांनी ज्योत लावली, कांडी तापेपर्यंत गॅसची वाट हातानं उघडी ठेवणारं माझं बटण दाबून धरलं, सोडलं. टक्. कांडीचं टोक घासून काजळी काढली. टक्. नवीकोरी कांडी जोडून पाहिली. तरी टक्.

"कांडी निर्दोष, गॅस निर्दोष, सूनबाईही निर्दोष," उस्ताद हसले. "व्हॉल्व्हचं चुंबक गेलंय, इम्तियाजभाई. नवा बसवा."

तहमीनेचा चेहरा क्षणभर उजळला. बेजींनी तो पाहिला.

"थंडी संपतच आलीय," इम्तियाज म्हणाला. "पुढच्या साली बघू. तोवर काही जुगाड?"

"तार आवळतो. बटण दाबलेलंच राहील. सगळे हेच करतात."

"पण मग गॅस गेला आणि ज्योत विझली तर?" तहमीनेनं विचारलं.

"घ्या, मोठी इंजिनीयरीण आली," बेजी म्हणाल्या. उस्ताद हसले. इम्तियाजही हसला. तार आवळली गेली.

गुरुवारी रात्री गॅस गेला. ज्योत विझली. पहाटे गॅस परत आला. मी वाट बंद करायला धडपडलो, पण तारेनं मला उघडं धरलं होतं. कोंदट कोठडीत गॅस साचत राहिला.

बेजी उठायच्या आत ज्योत लावावी म्हणून तहमीना काडेपेटी घेऊन धावत आली. दारातच थबकली. वास तिला आला असणारच. पण मागून बेजींच्या चपलांचा आवाज आला. तिनं घाईघाईनं काडी ओढली.

ती वाचली. बहिणीच्या हातांवर मेहंदी चढत होती, तेव्हा हिचे दोन्ही हात इस्पितळात पट्ट्यांखाली होते. नवा व्हॉल्व्ह त्याच दुपारी आला. मला उपटून फेकताना बेजी शेजारणीला सांगत होत्या, "मी म्हटलंच होतं. शेवटी विझवलाच की नाही तिनं?"

मित्रांनो, मला उद्या वितळवतील, त्याची खंत नाही. पण तुमच्या घरी एखादी वस्तू सारखी बंद पडत असेल, तर का पडते ते शोधा. तिचं बटण बांधू नका. आणि घरातलं कुणी हलक्या आवाजात "पण विझली तर?" असं विचारत असेल, तर हसू नका. त्याला उत्तर द्या.